एक्कावन्न घरट्यांचा खुलासा

पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे पक्षी कसे आले, याची रीतसर टिप्पणी उपलब्ध आहे आणि ती वाचली की कोणालाही पटेल. जैवविविधतेचा वार्षिक अहवाल वरच्या कार्यालयाला पाठवायचा होता. बागखात्याचे निरीक्षक म्हणाले, आमच्याकडे हिरवळ आणि बाकडी आहेत, जीव असा काही नाही. आरोग्य विभागाने कळवलं की आमच्याकडे डास आहेत, पण ते मारण्यासाठी आहेत, जपण्यासाठी नाहीत. स्वच्छता विभाग मोकाट कुत्र्यांच्या पलीकडे सरकायला तयार नव्हता. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी पेनाला टोपण लावून निकाल दिला, की जे जन्मतं आणि मरतं ते जन्म-मृत्यू विभागाचं. बैठकीत या तर्काला कोणाकडेच उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे असू शकलं असतं, ते जन्म-मृत्यूचे प्रमुख लिपिक बैठकीलाच नव्हते. ते खिडकीवर एका जुळ्यांच्या बापाला दुसरा अर्ज भरून देत होते.

या लिपिकांना कचेरीत सगळे हातोहातराव म्हणत. कागद आला की हातोहात निकाली, ही त्यांची ख्याती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावर एकही कागद सोमवारपर्यंत मुक्कामाला राहिला नव्हता. दर सोमवारी भिंतीवर प्रलंबित प्रकरणांची यादी लागे आणि तिच्यात त्यांच्या नावापुढे शून्य असे. इतरांना पगारवाढीचा असतो तसा त्यांना या शून्याचा अभिमान होता. घरी पाहुणे आले तर बोलण्याच्या ओघात ते शून्य एकदा तरी यायचंच, आणि ते आलं की त्यांची पत्नी चहा टाकायला उठायची.

अहवालाचा नमुना त्यांच्याकडे सकाळी अकराला आला. मागची फाइल उघडून पाहिली, तर गेली अकरा वर्षं प्रत्येक रकान्यात एकच शब्द होता : निरंक. पक्षी निरंक, प्राणी निरंक, कीटकसुद्धा निरंक. ज्या कपाटात ही फाइल होती त्याच्या खालच्या खणात झुरळांची तिसरी पिढी नांदत होती, पण अहवालात तीही नव्हती.

दुसरा कोणी असता तर बाराव्या वर्षी बारावा निरंक लिहून चहाला गेला असता. शेजारच्या निवृत्त अभियंत्यांनी तसा सल्लाही दिला. त्यांनी नोकरीत असताना एक पूल नऊ वर्षं बांधला होता, म्हणून अख्खी इमारत त्यांना पूलकाका म्हणे. जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून समजावलं, की कोऱ्या रकान्यात एकदा आकडा घातला की तो आकडा आयुष्यभर पोसावा लागतो. निरंक हा शासनाने आपल्या माणसाला दिलेला आशीर्वाद आहे. पण हातोहातरावांची अडचण धंद्याची होती. जन्म झाला नाही असं ते चौकशी केल्याशिवाय कधी लिहीत नसत. तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते कचेरीच्या आवारात उतरले, मान वर केली आणि मोजायला लागले.

आवारात वाहनतळाच्या कडेला शिरीषाचं एक अवाढव्य झाड होतं. त्यावर बगळे होते. ते किती वर्षं होते हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्यांच्याकडे आजवर एकाच दृष्टीने पाहिलं गेलं होतं, ते म्हणजे गाडी कुठे लावायची नाही. हातोहातरावांनी तीन दुपारी मोजणी केली. त्यांना एकच पद्धत येत होती, त्यामुळे त्यांनी घरट्यांची नोंद जन्माच्या नोंदवहीसारखी केली. फांदी क्रमांक, घरटे क्रमांक, पालक हजर किंवा गैरहजर. आई कोणती आणि वडील कोणते हे कळेना, तेव्हा त्यांनी शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलं : 'दोघेही सारखेच दिसतात व सारखेच राबतात.' हा शेरा पत्नीने वाचला. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "हे मी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावू का?"

एकूण घरटी एक्कावन्न भरली. अहवाल त्याच दिवशी रवाना झाला.

आठवड्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. मागील वर्षी निरंक असताना यंदा एक्कावन्न कशी, याचा खुलासा करावा. ही घरटी बांधण्यापूर्वी पालिकेची परवानगी घेतली होती काय. नसल्यास काय कार्यवाही केली. पत्राची प्रत, बांधकाम हा शब्द दिसल्यामुळे असावी, अतिक्रमण विभागालाही गेली होती. त्या विभागाचे दोन कर्मचारी कर्तव्यात कसूर नको म्हणून शिरीषाच्या बुंध्यावर सात दिवसांची नोटीस चिकटवून गेले. बगळ्यांनी तिची दखल घेतली नाही. पण झाडाखाली गाड्या लावणाऱ्यांनी ती आपल्यासाठी आहे असं समजून गाड्या हलवल्या, आणि पालिकेच्या इतिहासात परिणाम झालेली ती पहिली नोटीस ठरली.

हातोहातरावांनी खुलासा त्याच दुपारी दिला : घरटी पूर्वीही होती, मोजली यंदा. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण वरच्या कार्यालयात सगळ्या पालिकांच्या आकड्यांचा तक्ता तयार होत होता आणि त्यात वाढीची टक्केवारी काढायची होती. शून्याने भागाकार होईना. तेव्हा तिथल्या कोणी जाणत्याने निरंक म्हणजे एक धरला, आणि एकावरून एक्कावन्न म्हणजे पाच हजार टक्के वाढ निघाली. इतर पालिका चार-पाच टक्क्यांवर रेंगाळत होत्या. जैवविविधता संवर्धनाची पहिली ढाल या पालिकेला जाहीर झाली. ज्यांनी अकरा वर्षं काहीही पाहिलं नव्हतं, त्यांना न पाहिल्याचं एवढं व्याज कधी मिळालं नसेल.

मग साहेबांचा उत्साह काही विचारू नका. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी वरिष्ठ पाहुण्यांच्या हस्ते ढाल मिळणार होती, तीही आवारातच, झाडाच्या साक्षीने. हातोहातरावांना त्यांच्या मूळ कामाव्यतिरिक्त 'जैवविविधता कक्षप्रमुख' नेमण्यात आलं. कक्ष म्हणून त्यांच्याच टेबलाचा डावा कोपरा ठरला. शिवाय बारा फूट बाय आठ फूट असा एक भव्य फलक बनवायला टाकला. त्यावर उडत्या बगळ्याचं चित्र, साहेबांचं छायाचित्र आणि 'आम्ही जपतो' हे शब्द होते. यातल्या बगळ्याचा आकार सर्वांत लहान होता.

फलक आला, झाडामागच्या भिंतीवर लागला, आणि लक्षात आलं की व्यासपीठावरून तो दिसत नाही. सात फांद्या मध्ये येत होत्या. बागनिरीक्षकांनी तातडीने प्रस्ताव ठेवला की बगळ्यांचा फलक दिसण्यासाठी बगळ्यांच्या सात फांद्या छाटाव्यात. त्यात कोणाला काही खटकलं नाही. फक्त जागा आता जैवविविधतेची म्हणून घोषित झालेली असल्यामुळे छाटणीला जैवविविधता कक्षाचा अभिप्राय लागत होता. फाइल हातोहातरावांच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात आली.

त्यांनी नोंदवही काढली. त्या सात फांद्यांवर एकोणीस घरटी होती. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पत्नीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ही पिल्लं उडायला किती दिवस लागतात.

"बाहेर आलीत का अंड्यातून?"

"बरीचशी. काल-परवाच."

"मग धरा महिना, मागाहून फुटणाऱ्यांना दीड. त्याच्या आधी फांदी पाडली तर खाली पडतील आणि मरतील. का हो?"

त्यांनी का ते सांगितलं. तिने हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवली. मग म्हणाली, "सोपं आहे. नाही म्हणून लिहा."

ते इतकं सोपं नव्हतं, आणि ते तिला समजावताना त्यांचा अर्धा तास गेला. हरकत आहे असं लिहिलं तर फाइल त्यांच्याकडून हलणार आणि साहेब एका ओळीत हरकत फेटाळणार. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. हरकत नाही असं लिहिलं तर त्याच दिवशी कुऱ्हाड. फाइल टेबलावर असेपर्यंतच फांद्या झाडावर होत्या. म्हणजे उपाय एकच होता, आणि तो उच्चारतानाही त्यांना कसंनुसं होत होतं.

"म्हणजे फाइल दाबून ठेवायची," पत्नी म्हणाली. "अख्खी कचेरी तेच तर करते."

"मी नाही करत."

"माहीत आहे हो. पाहुण्यांनाही माहीत आहे."

रविवारी सकाळी ते पूलकाकांकडे गेले. आजवर ज्यांच्याशी जिन्यातल्या जिन्यात बोलणं आटोपायचं, त्यांच्या दिवाणखान्यात विद्यार्थ्यासारखं बसावं लागलं, हेच मुळात मानहानीकारक होतं. पूलकाकांना मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी त्यांच्या विषयातलं काही विचारत होतं. त्यांनी चष्मा पुसला. फाइल दाबणं हा अडाण्यांचा मार्ग आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. दाबलेली फाइल सापडते. फाइल फिरती ठेवावी आणि तिला पोचू देऊ नये. शंका काढाव्यात, त्या योग्य असाव्यात, नम्र असाव्यात, आणि मुख्य म्हणजे एका वेळी एकच काढावी.

"चार शंका एकदम काढणारा माणूस कामाचा असतो," पूलकाका म्हणाले. "तसं व्हायचं नाही आपल्याला."

सोमवारी हातोहातरावांनी पहिली शंका काढली : छाटावयाच्या फांद्या नेमक्या कोणत्या, याचा नकाशा जोडलेला नाही. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं. बागनिरीक्षकांनी पाच दिवसांनी नकाशा जोडला आणि सात फांद्यांवर लाल फुल्या मारल्या. दुसरी शंका निघाली, की नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. झाडाची उत्तर कोणती यावर बागखात्यात दोन दिवस वाद झाला. तिसरी शंका, पृष्ठांना क्रमांक नाहीत. क्रमांक घातले गेले. चौथी शंका, क्रमांक पेन्सिलीने घातले आहेत. यातली प्रत्येक शंका हातोहातरावांनी गेली अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातून सोसलेली होती. ही विद्या आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कळल्यावर आनंद झाला नाही.

फाइल फिरत असली तरी अभिप्राय त्यांचाच बाकी होता, त्यामुळे दुसऱ्याच सोमवारच्या यादीत त्यांच्या नावापुढे एक आला होता. यादी चिकटवणारे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते आधी त्यांच्याकडे येऊन कानात सांगून गेले आणि त्यांनी तो कागद इतका वर लावला की वाचायला स्टूल लागावं. हिशेब विभागाने स्टूल आणलं. दिवसभर माणसं चढून पाहत होती. लेखापालांनी तर खाली उतरून हातोहातरावांशी हस्तांदोलन केलं आणि आमच्यात स्वागत आहे म्हणाले. हातोहातरावांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला. झाडाखाली बसून त्यांनी पिल्लं मोजली. ती विलक्षण कुरूप दिसत होती. डोक्यावर पिसांचे उभे तुरे, अंगापेक्षा चोच मोठी, आणि भूक अशी की आईबाप येताना दिसले की एकमेकांना तुडवायची. यांच्यासाठी आपण नावाला बट्टा लावून घेतोय, असा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही.

पुढच्या तीन सोमवारी तो एक तसाच राहिला. कार्यक्रमाला दोन दिवस उरले तेव्हा त्या एकोणीसपैकी अठरा घरटी रिकामी झाली होती. पिल्लं आता फांदीवरून फांदीवर आणि तिथून समोरच्या अग्निशमन केंद्राच्या छपरावर जाऊ लागली होती. पण पाचव्या फांदीवरच्या एका घरट्यात उशिरा फुटलेल्या अंड्यातली दोन पिल्लं होती. ती काठावर यायची, पंख पसरायची, खाली पाहायची आणि परत आत जाऊन बसायची. पत्नीच्या मते त्यांना आणखी आठ-नऊ दिवस हवे होते.

त्या मंगळवारी साहेब स्वतः जन्म-मृत्यू विभागात आले. यापूर्वी ते तिथे एकदाच, मुलाचा दाखला घ्यायला आले होते. साहेब उभ्यानेच बोलले.

"ती फाइल अडलीय कुठे?"

"माझ्याकडे, साहेब."

"ते दिसतंय. का अडलीय?"

पूलकाकांनी या प्रसंगासाठी तीन उत्तरं पाठ करून घेतली होती. संदर्भ तपासणं चालू आहे, जुनी नस्ती मागवली आहे, आणि तिसरं म्हणजे नुसतं डोकं खाजवणं. हातोहातरावांनी तोंड उघडलं आणि त्यांतलं एकही निघालं नाही.

"मुद्दाम अडवली, साहेब. पिल्लं आहेत फांदीवर. आता दोनच राहिलीत. आठ दिवस द्या."

साहेबांच्या उभ्या कारकिर्दीत, फाइल मुद्दाम अडवली असं कोणी कबूल केल्याचं उदाहरण नव्हतं. फाइली आपोआप अडत असत. मग राग आला. दोन पक्ष्यांसाठी पालिकेचा समारंभ पणाला लावायचा काय, असं त्यांनी विचारलं. हातोहातराव म्हणाले, की या नोंदवहीत एका जन्मालाही पूर्ण ओळ लागते, अर्धी चालत नाही. साहेब म्हणाले, अर्ध्या तासात अभिप्रायासह फाइल माझ्या टेबलावर हवी, आणि निघून गेले.

अर्धा तास हातोहातरावांना कधीच लागला नसता. फाइल उघडली आणि तिच्यात ढाल जाहीर झाल्याच्या पत्रासोबत आलेला पुढच्या वर्षीचा नवा नमुना त्यांनी पहिल्यांदा नीट वाचला. महिनाभर एकेक शंका शोधण्याच्या नादात त्यांनी तो चाळलाही नव्हता. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सतराव्या रकान्याशी ते थांबले. मग चार मिनिटांत अभिप्राय लिहिला आणि स्वतः घेऊन गेले.

साहेबांनी वाचला. 'फांद्या छाटण्यास या कक्षाची हरकत नाही. छाटणीमुळे एकोणीस घरट्यांची जागा नाहीशी होऊन पुढील वर्षीचा आकडा एक्कावन्नवरून बत्तीसवर येईल. नवीन नमुन्यात रकाना सतरा हा 'घट झाल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा' असा आहे. सदर रकान्यात कोणाचे नाव लिहावे, याबाबत आदेश व्हावेत.'

साहेबांनी ते पुन्हा वाचलं. बागनिरीक्षक शेजारीच उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर पाहत होते. साहेबांनी पेन उचललं, सहीच्या जागेवर नेलं, आणि तिथून परत आणून हळूच टोपण लावलं.

"ठेवून जा," ते म्हणाले.

हे दोन शब्द हातोहातरावांना चांगले ओळखीचे होते. साहेबांच्या टेबलावर 'ठेवून जा' म्हणून ठेवलेल्या फाइलींच्या थरात सर्वांत खालची कोणत्या साहेबांच्या काळातली आहे, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी समारंभ झाला. फलकाचा 'आम्ही' एवढाच भाग पानांतून दिसत होता, आणि छायाचित्रात तो फार भारदस्त आला. पाहुणे वीस मिनिटं होते. त्यांनी ढाल दिली, पाच हजार टक्क्यांचा दोनदा उल्लेख केला, आणि पक्षी कुठे आहेत हे विचारायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी हातोहातरावांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. जैवविविधता कक्षाने एक प्रकरण तीस दिवस हेतुपुरस्सर प्रलंबित ठेवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मामांनी ती दोन्ही हातांनी आणून दिली आणि जरा वेळ तिथेच घुटमळले. सगळ्यांचा अंदाज होता की उत्तर जेवणाच्या सुट्टीआधी जाणार. उत्तर गेलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारीही गेलं नाही. पत्नीने विचारलं, अहो, काय लिहिणार आहात ते तरी ठरलं का. ते म्हणाले, कारण अजून पूर्ण झालेलं नाही.

दुपारी ते डबा घेऊन खाली जात आणि पाचव्या फांदीसमोरच्या बाकड्यावर बसत. मंगळवारी पहिलं पिल्लू गेलं. दुसरं काठावर यायचं, पाहायचं, मागे सरकायचं. बुधवारी ते वरच्या फांदीपर्यंत गेलं आणि तिथे इतका वेळ ओरडत राहिलं की अग्निशमन केंद्राचे जवान बाहेर आले. गुरुवारी काहीच झालं नाही.

शुक्रवारी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, हातोहातरावांचा घास हातात असताना ते उठलं, वाकडंतिकडं होत वाहनतळ ओलांडून गेलं, छपराच्या कडेला लागलं, घसरलं, सावरलं, आणि पुन्हा उडून इमारतीपलीकडे दिसेनासं झालं. हातोहातरावांनी घड्याळ पाहिलं. डबा बंद केला, हात धुतले, वर जाऊन कोरा कागद घेतला आणि एकटाकी लिहिलं :

'प्रकरण तीस दिवस प्रलंबित राहिले व ते मी हेतुपुरस्सर ठेवले, हे मान्य आहे. विलंबाचे कारण आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उडून गेले. सबब, सादर.'